कॅम्परच्या टाकीचा वास परत येतोय? टाकी बदलण्याआधी कार्बन फिल्टर काढा

तुमचं वर्णन वाचलं आणि दुखणं लगेच ओळखीचं वाटलं. कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, पाण्याची ८० लिटरची टाकी, गाडी दोन महिने उभी, नळ सोडला की डबक्यासारखा वास, पाणी भरायच्या झाकणाखाली गुलाबी बुळबुळीत थर. अर्धी टाकी भरून अंदाजाने अर्धी बाटली ब्लीच ओतलं, वास गेला आणि आठवड्याभरात पुन्हा हजर. आता कुणीतरी टाकीच बदलायचा सल्ला दिलाय. निदान एवढ्यात तरी तो मानू नका. दोन फेऱ्यांच्या मध्ये टाकी भरलेली ठेवायची की रिकामी, या तुमच्या मूळ प्रश्नाकडे शेवटी येतो.

टाकी रिकामी कशी करायची, निचऱ्याचा कॉक कुठे असतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. तुमच्या लिहिण्यातली एक ओळ मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते: पंपानंतर सिंकखाली कार्बन फिल्टर बसवलाय. ब्लीच टाकताना तो काढल्याचा उल्लेख कुठेच नाही.

ब्लीचमुळे पाण्यात येणारा क्लोरीन काढून टाकणं हे तर त्या फिल्टरचं कामच. टाकीत द्रावण कितीही कडक करा, फिल्टरच्या पलीकडे निघतं ते जवळपास साधं पाणी. म्हणजे टाकी, पंप आणि फिल्टरपर्यंतचा हातभर पाइप तेवढा धुतला गेला. पुढची गरम-थंड लाइन, हीटर, शॉवरची नळी, सगळं होतं तसंच. त्यात फिल्टरच्या आत काय चाललंय बघा. ओला, सच्छिद्र कार्बन, अंधार, उभ्या गाडीतली ऊब आणि क्लोरीनचा पत्ता नाही. जिवाणूंना आणखी काय हवं? दोन महिने पाण्यात बसलेलं कार्ट्रिज धुऊन, उन्हात ठेवून परत वापरू नका. सरळ फेका.

आमचे सगळ्यात जास्त पैसे याच एका गोष्टीपायी गेले. नाव घेत नाही, पण एका सेवा केंद्राने ‘निर्जंतुकीकरण पूर्ण’ असा शिक्का मारलेला कागद हातात दिला. वास परत आला तेव्हा प्लास्टिकमध्येच वास मुरलाय असं ठोकून दिलं आणि टाकी बदलायला लावली. टाकी नवी, फिल्टर जुना, वास तोच. त्या कागदावर क्लोरीन किती टाकला, किती वेळ ठेवला, कुठल्या नळाला मोजला, यातला एक आकडा नव्हता. ज्याने काम केलं त्या मेकॅनिकशी काउंटरवरचे लोक बोलूही देईनात, आणि ‘आमची पद्धत अशीच आहे’ यापलीकडे उत्तर नाही. तेव्हा काम कुणाकडूनही करून घ्या, एकच प्रश्न विचारा: सगळ्यात लांबच्या नळाला किती पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात किती भाग क्लोरीन) आलं? उत्तर देता आलं नाही तर काम झालेलंच नाही, असं मी धरतो. असो.

आता क्रम. आधी घासणं, मग क्षार काढणं, मग क्लोरीन. बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात. बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती केलेलं चिकट आवरण. क्लोरीन त्याच्या वरच्या भागाशी झगडण्यातच संपून जातो, खालचे जिवाणू वाचतात आणि थर पुन्हा धरतो. तुमचा वास आठवड्याने परतला त्याचं हे दुसरं कारण.

टाकीला हात घालायचं झाकण असेल तर मऊ स्पंज किंवा सुती फडकं घ्या. तारेची किंवा हिरवी खरखरीत घासणी नको, कारण प्लास्टिकवर पडलेल्या ओरखड्यांत थर जास्त घट्ट धरतो. छताची आतली बाजू, पंपाकडे जाणाऱ्या तोंडाची कड, आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दांड्याचा बुडखा या तीन जागी बोट फिरवून बघा. बोट घसरलं तर तिथे थर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. झाकणाचं वायसर काढून खाच पुसा, काळी बुरशी तिथेच दडते. भांड्यांचा साबण शक्यतो टाळा, फेस निघता निघत नाही. खाण्याचा सोडा पुरतो. उकळतं पाणी ओतू नका, टाकीचं प्लास्टिक (पॉलिथिलीन) मऊ पडतं आणि सांधे ताणले जातात. हात घालायला झाकणच नसेल तर टाकी एक तृतीयांश भरा, गाडी थोडी वळणावळणाने फिरवा आणि पाणी लगेच सोडा. हातासारखं काम होत नाही, पण बरंच सुटतं.

क्षाराचा पांढरा खर धरला असेल तर लिटरला साधारण २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, गार पाण्यात, दोनेक तास. गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचा साका बसायची शक्यता असते, म्हणून गारच. खर जाणं महत्त्वाचं, कारण त्याच्या खडबडीत पृष्ठभागात जिवाणूंना आडोसा मिळतो. नंतर सगळं पाणी काढून, प्रत्येक नळ सोडून, निदान दोनदा धुवा. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि कॅम्परची बंद खोली ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. व्हिनेगरलाही हेच लागू. दोन्ही एकाच दिवशी उरकायची घाई नसेल तर मध्ये एक रात्र जाऊ द्या.

मग ब्लीच. साधं सोडियम हायपोक्लोराइट हवं. सुगंधी, जेलसारखं दाट, रंगीत किंवा साबण मिसळलेलं नको. बाटलीवर टक्का आणि उत्पादनाची तारीख दोन्ही बघा, कारण उष्णतेने आणि उजेडाने ते आपोआप कमजोर होत जातं. वर्षभर माळ्यावर पडलेल्या बाटलीवर ५ टक्के छापलेलं असलं तरी आत तेवढं उरलेलं नसतं. हिशेब सोपा आहे: ताज्या ५ टक्के ब्लीचचं १ मिलिलिटर १ लिटर पाण्यात टाकलं की ५० पीपीएम. तुमच्या ८० लिटरला ८० मिलिलिटर. हीटर आणि पाइपांत आधीचं पाणी असेल तर तेही धरा, म्हणजे साधारण ९० ते १०० मिलिलिटर. ५० पीपीएमला चार तास द्यायचे. वेळ कमी असेल तर १०० पीपीएमला एक तास. अर्धी बाटली ओतून काम दुप्पट चांगलं होत नाही, वायसर आणि पंपाचे रबर मात्र लवकर कडक होतात. पोहण्याच्या तलावाच्या गोळ्याही नकोत. त्यांतल्या बऱ्याचशांत सायन्युरिक ॲसिड असतं, ते क्लोरीनचा जोर कमी करतं, आणि गोळी तळाला एकाच जागी पडून राहते.

ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळा आणि मग टाकीत ओता. नंतर टाकी काठोकाठ भरा, वरच्या हवेच्या नळीतून पाणी बाहेर पडेपर्यंत. तुमचं नेमकं इथेच राहिलं. अर्धी टाकी भरल्यावर छत कोरडं राहतं, भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतची नळीही कोरडी राहते, आणि तुमचा गुलाबी थर तर तिथेच आहे. ही नळी पन्हाळीदार असेल तर घासत बसू नका. तिच्या प्रत्येक वळीत चमचाभर पाणी साचतं. आतून गुळगुळीत, पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नळी घाला आणि कुठेही झोळ न राहता उतार मिळेल अशी बसवा. बाहेरून उजेड येत असेल तर अपारदर्शकच घ्या, नाहीतर गुलाबी जाऊन हिरवं येईल.

कार्बन फिल्टर काढून त्या जागी साधा जोड टाका, किंवा रिकामं कवच तसंच लावा. पंपाआधीची बारीक जाळी उघडून धुवा. मग एकेक नळ सोडा, आधी गार, मग गरम, शॉवर, बाहेरचा शॉवर, आणि टॉयलेट फ्लश याच टाकीवर असेल तर तोही. प्रत्येक ठिकाणी क्लोरीनचा वास आल्यावर नळ बंद. नुसत्या वासावर मात्र विश्वास ठेवू नका. क्लोरीन मोजायच्या पट्ट्या दोन प्रकारच्या मिळतात: १०० ते २०० पीपीएमपर्यंत दाखवणाऱ्या आणि ० ते १० च्या आतल्या. दोन्ही लागतात, पहिल्या आता आणि दुसऱ्या धुताना. पट्टी टाकीतल्या पाण्यात बुडवू नका, पंपापासून सगळ्यात लांबच्या नळाखाली धरा. आणि एकदा मोजून थांबू नका. सुरुवातीला ५० होतं आणि चार तासांनी ४० आलं, तर उत्तम. ५० चं ५ झालं असेल तर आत अजून घाण आहे आणि तीच क्लोरीन खातेय. पाणी सोडा, पुन्हा घासा, पुन्हा भरा. ही दुसरी पट्टी कुणी धरत नाही, आणि सगळा निकाल तीच देते.

हीटरबाबत सावध. त्याची आतली टाकी ॲल्युमिनियमची असेल तर तीव्र क्लोरीन आत जाऊ देऊ नका, बायपास करा, म्हणजे पाणी हीटरला वळसा घालून पुढे न्या. स्टेनलेस स्टीलला ५० पीपीएम चार तास चालतं, पण रात्रभर ठेवून झोपू नका. बनवणाऱ्याचं माहितीपत्रक वेगळं सांगत असेल तर माझं सोडा आणि ते ऐका. बायपास केलेला हीटर वेगळा रिकामा करून धुवावा लागतो. नंतर एकदा ६० अंशांच्या वर तापवून घेतला तर चांगलंच, कारण शॉवरच्या तुषारांतून पसरणारा, न्यूमोनिया करणारा लीजिओनेला जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो आणि कोमट हीटर त्याला फार मानवतो. सडक्या अंड्यांचा वास फक्त गरम पाण्यालाच येत असेल तर गोष्ट वेगळी आहे. मॅग्नेशियमचा ॲनोड (हीटर गंजू नये म्हणून आत बसवलेली दांडी) असलेल्या हीटरमध्ये गंधकाचे जिवाणू वाढले की असं होतं. ॲनोड काढून बघा, तळाचा गाळ धुवा. टाकीत ब्लीच ओतत राहू नका.

धुणं: पाणी सोडा, ताजं भरा, सगळे नळ वाहते करा, असं दोन-तीनदा. छोट्या मापाच्या पट्टीवर शेवटच्या नळाला ५ पीपीएमच्या खाली आलं पाहिजे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा तेवढी आहे. जिभेला मात्र १ च्या आसपास असलेलंच बरं लागतं. कार्बनचं नवं कार्ट्रिज त्यानंतरच. क्लोरीनचं पाणी गवतावर किंवा ओढ्याकाठी सोडू नका, सांडपाण्याच्या जागी सोडा. सांडपाण्याच्या टाकीत गेलं तर ती टाकीही धुतली जाते. कॅसेट टॉयलेटमध्ये (मैल्याची टाकी बाहेर काढता येते त्या संडासात) मात्र अजिबात नको, लघवीतल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा वायू सुटतो.

आता तुमचा मूळ प्रश्न: दोन फेऱ्यांच्या मध्ये टाकी भरलेली ठेवायची की रिकामी? माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. रिकामी, उघडी आणि कोरडी. सगळ्यात वाईट म्हणजे रिकामी करून झाकण घट्ट लावलेली टाकी. तळाशी पेलाभर पाणी, त्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला, आत दमट ऊब. भरलेली टाकी परवडली, पण ही नको. निचऱ्याचं तोंड बहुतेक टाक्यांत तळापेक्षा थोडं वर असतं, त्यामुळे सगळं पाणी कधीच निघत नाही. गाडीची उलट बाजू उंचावून पाणी निचऱ्याकडे आणा आणि उरलेलं स्पंजने टिपा. हीटर आणि लाइनीचे खालचे कॉक उघडा. मिक्सरच्या तोट्या मधोमध ठेवून उघड्या सोडा, म्हणजे गरम आणि गार दोन्ही लाइनी निथळतात. शॉवरची तोटी खाली लोंबती ठेवा. पंप फुरफुरेपर्यंतच चालवा. बुडवायचा पंप असेल तर तेवढाही कोरडा चालवू नका. दाब सांभाळणारी छोटी टाकी असेल तर तीही सोडा, ती विसरली जातेच. मग वरचं झाकण किंचित उघडं ठेवून त्यावर बारीक जाळी. हवेच्या नळीच्या खालच्या टोकालाही स्टीलची जाळी लावा, नाहीतर तिथे किडे घर करतात. नळी तुंबली तर पंप टाकीतच पोकळी करतो आणि पातळ टाकी आत ओढली जाते.

चांदीचे आयन असलेली द्रवं आणि गोळ्या मिळतात. स्वच्छ टाकीतलं चांगलं पाणी जास्त दिवस टिकवायला ठीक, घाण टाकी त्यांनी साफ होत नाही. पाणी भरायची बाहेरची नळीही बघा. बागेची नको, पिण्याच्या पाण्याचीच, आणि गुंडाळताना निथळून दोन्ही टोकं एकमेकांत अडकवा. धूळ आणि गोगलगाई बाहेर राहतात.

मी डॉक्टर नाही, प्लंबरही नाही. गाडीत तान्हं बाळ, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर पिण्याचं पाणी वेगळं ठेवा किंवा उकळून घ्या. टाकीचं पाणी धुण्याभांड्यांना वापरा.

शॉवरची लवचीक नळी धुण्यात वेळ घालवू नका, बदलून टाका. आणि तुमचा हीटर ॲल्युमिनियमचा की स्टीलचा, पंप बुडवायचा की बाहेरचा, एवढं लिहा. बायपासचा कॉक नेमका कुठे असेल ते त्यावरून सांगता येईल.