वर्गाचा व्हिडिओ पाहताना नजर मुलांवर ठेवा

शिक्षण परिषदेत आम्हाला दर वेळी एखाद्या आदर्श पाठाचा व्हिडिओ दाखवतात. पाहताना छान वाटतं, पण आपल्या वर्गात परत आल्यावर काहीच बदलत नाही. कुठे चुकतंय?
प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

पाठ ‘आदर्श’ म्हणून दाखवला की पाहणाऱ्याकडे दाद देण्यापलीकडे काही काम उरत नाही. बाईंचा आवाज, फळ्यावरचं अक्षर, रंगीत तक्ते एवढंच डोळ्यांत भरतं. समोर बसलेलं मूल काय विचार करतंय, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. अभ्यासासाठी तालीम करून घेतलेला पाठ घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. रोजचा, मध्येच अडखळणारा पाठ घ्या आणि त्यातली चार-पाच मिनिटंच पाहा.

नमुना म्हणून तिसरीचा वजाबाकीचा तास घेऊ. फळ्यावर ४२ वजा १७. एक मुलगी पुढे येऊन ३५ लिहिते. बाई वर्गाकडे वळून विचारतात, “बरोबर आहे का?” वर्ग एका सुरात ओरडतो, “नाऽऽही!” दुसरा मुलगा येतो, २५ लिहितो, टाळ्या वाजतात. अर्ध्या मिनिटात सगळं आटोपतं आणि पाठ सुरळीत चाललाय असं वाटतं.

आता इथे व्हिडिओ थांबवा आणि एकमेकांना विचारा, ३५ आले कुठून? मुलीने एककात सातातून दोन काढले, दशकात चारातून एक काढला. ‘मोठ्यातून लहान काढायचं’ हा नियम तिने दोन्हीकडे इमानाने पाळलाय. तिचा गोंधळ उडालेला नाही, तिच्याकडे एक पक्का पण चुकीचा नियम आहे. “कसं केलंस, सांग बरं” एवढं विचारलं असतं तर तो नियम सगळ्यांसमोर आला असता आणि आणखी कितीजणांच्या वहीत तेच ३५ बसलेत हेही कळलं असतं. मग तोच तुकडा पुन्हा लावा, पण या वेळी फक्त त्या मुलीकडे बघा. जागेवर जाऊन ती शेजारणीच्या वहीत डोकावते, ३५ खोडून २५ लिहिते आणि टाळ्यांमध्ये सामील होते. दशक सुटा करायचा असतो हे तिला अजूनही कळलेलं नाही.

असं पाहायला वीस मिनिटं पुरतात, मात्र शिस्त हवी. आधी प्रत्येकाने फक्त दिसलं ते सांगायचं. ‘छान’, ‘कमी पडलं’ हे शब्द त्या वेळी बंद. मग मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल याचा अंदाज. शेवटी, ‘या क्षणी मी कोणता प्रश्न विचारला असता?’ आणि पुढच्या परिषदेला सगळ्यांनी तेच उदाहरण आपापल्या वर्गात देऊन मुलांच्या वह्या घेऊन यायचं. ही शेवटची पायरी गाळली की तुम्ही म्हणता तसंच होतं.

डी.एल.एड. या शिक्षक-प्रशिक्षणाच्या पदविकेला आम्ही सूक्ष्मपाठ (एकेका अध्यापन कौशल्याच्या सरावासाठी घेतलेले काही मिनिटांचे छोटे पाठ) आणि फ्लँडर्सची निरीक्षण पद्धत शिकतो. खरा पाठ व्हिडिओवर पाहताना तिचा उपयोग होतो का?
छात्राध्यापक, अकोला

होतो, पण बेताचा. फ्लँडर्सच्या पद्धतीत दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहायचा असतो. दहा प्रकारांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळाचा. वर्गात कोण किती बोललं, हे त्यातून नेमकं कळतं. स्वतःच्या पाठाचे आकडे एकदा तरी भरून पाहा, आपण किती बोलतो याचा धक्काच बसतो. पण वरच्या उदाहरणातला तो सामूहिक ‘नाऽऽही’ आणि एखाद्या मुलीने बाईंच्या प्रश्नावर विचार करून दिलेलं उत्तर, दोन्ही आठव्याच प्रकारात, म्हणजे ‘शिक्षकाला विद्यार्थ्याने दिलेला प्रतिसाद’ यात पडतात. काय बोललं गेलं, ते आकड्यांत येत नाही.

सूक्ष्मपाठांची ही पद्धत, म्हणजे सूक्ष्म अध्यापन, १९६३च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा वर्गमित्रांनाच विद्यार्थी करून उरकलं जातं. वर्गमित्र खरी चूक करत नाहीत, म्हणून चूक हाताळायचा सराव होत नाही. शक्य असेल तिथे खरी मुलं घ्या.

एक सोपं मोजमाप मात्र जरूर करा. प्रश्न विचारल्यापासून तुम्ही पुन्हा तोंड उघडेपर्यंत किती सेकंद जातात ते मोबाइलवर मोजा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

जपानच्या किंवा युरोपातल्या वर्गांचे व्हिडिओ पाहून आपल्याला काय मिळणार? तिथली परिस्थितीच वेगळी.
मुख्याध्यापक, सिंधुदुर्ग

परिस्थिती वेगळी आहेच. नक्कल करायला म्हणून ते पाहू नयेत. पण आपल्या ज्या सवयी आपल्याला दिसेनाशा झाल्या आहेत, त्या दुसऱ्याचा वर्ग पाहताना दिसतात.

टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीला जोडून १९९५ साली जर्मनी, जपान आणि अमेरिकेतले आठवीच्या गणिताचे २३१ पाठ चित्रित झाले. १९९९च्या दुसऱ्या अभ्यासात सात देशांचे ६३८ पाठ होते. चांगले गुण मिळवणाऱ्या देशांत काहीतरी एकच ‘यशस्वी पद्धत’ सापडेल अशी अनेकांची अपेक्षा होती. ती सापडली नाही. जपानमध्ये मुलं एकेका उदाहरणाशी बराच वेळ झुंजत होती, तर हाँगकाँगमध्ये शिक्षकाचं बोलणं भरपूर होतं. फरक दिसला तो दुसरीकडेच. विचार करायला लावणारी उदाहरणं अमेरिकी वर्गांतही दिली जात होती. पण सोडवताना शिक्षक रीत सांगून टाकत, आणि विचार करण्याजोगं काही शिल्लकच राहत नसे. जपान आणि हाँगकाँगमध्ये अशा जवळपास निम्म्या उदाहरणांत तो विचार शेवटपर्यंत मुलांकडेच राहत होता.

म्हणून परदेशी असो वा शेजारच्या शाळेचा, कोणत्याही पाठात एवढं तपासा, की दिलेला प्रश्न जितका अवघड होता तितकाच शेवटपर्यंत राहिला का? राहिला नसेल, तर कोणत्या वाक्याला तो सोपा झाला? ते वाक्य शोधून काढण्यात फार मजा आहे.

शिक्षकांचे पाठ चित्रित करून त्यावर गुण द्यावेत का?
केंद्रप्रमुख, नाशिक जिल्हा

देऊ नका. गुण आले की मुलांना आदल्या दिवशी उत्तरं पढवली जातात आणि तुमच्या हाती नाटकाचं चित्रीकरण येतं. शिवाय एका पाठावरून, एकाच निरीक्षकाच्या नजरेने शिक्षकाविषयी भरवशाचं मत बनवता येत नाही. शिकण्यासाठीचा व्हिडिओ शिक्षकाच्याच ताब्यात राहू द्या. कोणता तुकडा दाखवायचा ते त्यालाच ठरवू द्या. आणि पहिला व्हिडिओ स्वतःचा दाखवा.

माझ्या मुलाचा वर्गातला व्हिडिओ शाळेने मला न विचारता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्यात तो फळ्यापुढे चुकतोय. हे योग्य आहे का?
पालक, ठाणे

मुळीच नाही, आणि शाळेला तसं लेखी कळवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हे तत्त्व स्पष्ट आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, चूक करता येणं हा वर्गात बसलेल्या मुलाचा हक्क आहे. ती चूक ग्रुपवर फिरली की पुढच्या वेळी ते मूल हात वर करत नाही. शिक्षकांनी अभ्यासासाठी चित्रण जरूर करावं, पण आधी साध्या मराठीत लिहिलेलं संमतीपत्र घ्यावं आणि काम झाल्यावर व्हिडिओ पुसून टाकावा.

आमची द्विशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे पहिली आणि दुसरी. स्वतःचा पाठ चित्रित करायचाय, फोन कुठे ठेवू?
शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

फळ्याजवळच्या कोपऱ्यात, मुलांकडे तोंड करून. मागच्या बाकावर फोन ठेवला तर मुलांच्या पाठीच दिसतात. खिडकी फोनच्या मागे राहील असं बघा, नाहीतर चेहरे काळे पडतात. फोन एरोप्लेन मोडवर टाका. मोठ्या खोलीत आवाज नीट येत नाही, म्हणून दुसरा जुना फोन मिळाला तर तो एका गटाच्या मधोमध ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड करा. पहिले एक-दोन दिवस मुलं कॅमेऱ्याकडेच बघतील, ते चित्रण सोडून द्या.

तुमच्यासारख्या वर्गात मी आणखी एक करून बघायला सांगेन. तुम्ही पहिलीला शिकवत असताना फोन दुसरीच्या गटाकडे वळवा. ती मुलं तेव्हा एकटी काम करत असतात आणि तुम्हाला ती कधीच दिसत नाहीत. कोण काम संपवून नुसतं बसलंय, कोण पहिलीचा धडा ऐकतंय, कोण शेजाऱ्याला समजावून सांगतंय आणि ते कोणत्या शब्दांत, हे लिहून काढा. दुसऱ्या दिवशी त्या गटाला कोणतं काम द्यायचं, ते त्या टिपणावरून ठरवा.