राजीनामा उद्या फेकायचा की पाच वर्षं भरल्यावर द्यायचा?

एका भाऊंनी सल्ला विचारायला पत्र लिहिलंय, आधी त्यातला मजकूर थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भाऊ ३३ वर्षांचे, जळगाव एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर आणि डिस्पॅच बघतात. १० मे २०२१ ला लागले, म्हणजे आत्ता डिसेंबर २०२५ मध्ये चार वर्षं सात महिने झाले. बेसिक-डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, २२ हजार, ग्रॉस (कपातीआधीचा पूर्ण पगार) ४१, हातात ३८. घराचा हप्ता १४,२००. घरात आईवडील, बायको, तिसरीतला मुलगा, वडिलांना शुगर-बीपी आणि ते कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये. एफडी १ लाख १० हजार, पीएफ अडीच लाखाच्या आसपास. गेल्या आठवड्यात मालकाने हमालांसमोर वाट्टेल ते सुनावलं, आणि त्याच आठवड्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून ऑफर आली, हातात ४७ हजार, पण ३० दिवसांत या म्हणतात. इथे नोटीस ६० दिवसांची. भाऊ लिहितात, "डोकं सटकलंय भो, उद्याच राजीनामा टेबलावर फेकतो आणि निघतो, पीएफ काढून नाशिकचं डिपॉझिट भरतो. बरोबर करतोय ना?"

नाही भाऊ, बरोबर नाही करत. नोकरी सोडायची की नाही हा भाग वेगळा, ती सोडाच एक दिवस, हमालांसमोर बोलून घेणाऱ्या माणसाकडे कोण राहील. पण उद्या नको, आणि फेकून तर मुळीच नको. राग मालकावर आहे आणि बिल तुमच्या नावावर फाटणार आहे.

९ हजार वाढ दिसते ना, ती आधी सोलून बघू. तुम्ही एकटे गेलात तर नाशिकला कॉट बेसिसवर रूम समजा साडेपाच हजार, मेस चार हजार, आणि महिन्यातून दोनदा घरी येणं-जाणं, अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, रिझर्वेशन मिळालं नाही की एसटी, त्याचे दोन हजार धरा. झाले साडेअकरा हजार. म्हणजे ९ हजाराच्या वाढीसाठी तुम्ही महिन्याला अडीच हजार खिशातून घालणार. सगळे गेले तर भाडंच अकरा हजाराच्या घरात जाईल, जळगावचं घर भाड्याने देता येणार नाही कारण आईवडील तिथेच राहणार, हप्ता आहे तसाच चालू. शिवाय गावाकडून येणारे गहू-डाळी नाशिकला पोचवायच्या तर त्यालाही पैसे, आणि मुलाची शाळा वर्षाच्या मधे बदलायची ते वेगळंच.

आता ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम. याचा तुमच्या पत्रात एक शब्द नाही आणि मला वाटतं सगळ्यात मोठा आकडा इथेच लपलाय. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क बसतो. हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक-डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचे २२,००० धरले तर पाच वर्षांचे ६३,४६१ रुपये होतात, आणि एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट झालं तर अजून थोडे वाढतील. आज सोडली तर शून्य. कोणीतरी तुम्हाला सांगेल की चार वर्षं २४० दिवस झाले तरी मिळते. मद्रास हायकोर्टाने तसं मान्य केलेलं आहे हे खरं, पण तुमचा मालक ते वाचून चेक फाडेल का? तुम्हाला लेबर ऑफिसच्या चकरा मारायला लागतील आणि तुम्ही नाशिकला असाल. त्यामुळे माझं मत, पूर्ण पाच वर्षं धरा, मधल्या गल्लीबोळात शिरू नका.

आणि इथे एक मेख आहे ती नीट समजून घ्या. १० मार्चला राजीनामा दिला की ६० दिवस नोटीस, ९ मे ला पाच वर्षं पूर्ण, असं कॅलेंडरवर मस्त जुळतं आणि बरेच जण तसंच करायला जातात. पण राजीनामा हातात पडल्यावर मालक म्हणाला की उद्यापासून येऊ नका, नोटीसचे पैसे देतो, जा, तर? मग मार्चमध्येच तुमची सर्व्हिस संपली असं तो धरणार आणि पाच वर्षांना दोन महिने कमी पडणार. चांगला माणूस असेल तर असं करणार नाही, पण तुम्ही ज्या माणसाचं वर्णन केलंय तो करेल. म्हणून पत्र ११ मे च्या आधी द्यायचंच नाही, कोणाला सांगायचं पण नाही, चहाच्या टपरीवर तर नाहीच, आपल्या एमआयडीसीत इकडची बातमी तिकडे जायला वेळ लागत नाही. ११ मे ला दिलं तर १० जुलैला सुटका.

मग तुम्ही म्हणाल की तोपर्यंत नाशिकचा वाढीव पगार बुडाला त्याचं काय. जानेवारी ते १० जुलै, सव्वासहा महिने गुणिले ९ हजार, छप्पन हजाराच्या आसपास. समोर ग्रॅच्युइटी ६३ हजार. म्हणजे ते ९ हजार पूर्ण वाचले असते तरी थांबणंच वरचढ होतं, आणि आपण आत्ताच बघितलं की ते वाचतच नाहीयेत.

तरी ऑफर लगेच फेटाळू नका. त्यांना मेल टाका की माझी नोटीस ६० दिवसांची आहे, आणि आकडा ५४ च्या वर येतो का विचारा. ५४ हजार हातात आले तर एकट्याने राहूनसुद्धा महिन्याला साडेचार हजार शिल्लक पडतात, बुडालेली ग्रॅच्युइटी चौदा महिन्यांत भरून निघते, आणि काम पण जर स्टोअर इनचार्जच्या वरचं असेल तर मी म्हणेन जा, मे ची वाट बघू नका. पण तेव्हाही ६० दिवस पूर्ण करूनच. ५० वर अडले तर नाही म्हणा, नम्रपणे, नाशिकला कारखान्यांची काही कमी नाही, मे-जून मध्ये परत शोधता येईल.

नोटीस न देता निघून गेलात तर काय काय होतं ते पण ऐका. चालू महिन्याचा पगार अडकतो. शिल्लक १८ सुट्ट्यांचे १५ हजाराच्या आसपास होतात ते नोटीसमध्ये वळते करतात. अपॉइंटमेंट लेटर काढून बघा, नोटीस रिकव्हरी बेसिकवर लिहिलीय की ग्रॉसवर, कारण बेसिकवर असेल तर ४४ हजार आणि ग्रॉसवर असेल तर ८२ हजार, हा फरक थोडाथोडका नाही. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने रीतसर सोडल्याचं पत्र, मिळत नाही, आणि नाशिकवाले जॉइनिंगला तेच मागणार, शिवाय त्यांचा एचआर इकडे फोन करणार. तिथल्या कोणालातरी इथला कोणीतरी ओळखत असतोच.

तुमच्या बाबतीत अजून एक धोका आहे जो ऑफिसात बसणाऱ्यांना नसतो. तुमच्या ताब्यात माल आहे. माझ्याकडे एक स्टोअरकीपर आले होते, रागात निघून गेलेले, आणि तीन महिन्यांनी जुन्या कंपनीने कळवलं की ग्रॅन्युलच्या (कच्च्या मालाच्या दाण्यांच्या) एवढ्या गोण्या कमी आहेत, तुमच्याकडून वसूल करू. त्यांनी चोरी केली नव्हती हो, पण ते गेल्यावर कोण घेऊन गेलं हे सिद्ध कसं करणार? म्हणून शेवटच्या आठवड्यात फिजिकल स्टॉक मोजून घ्या, रॅकवार यादी करा, रजिस्टरमधला आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी शेजारी लिहा, फरक असेल तर तो पण लिहा लपवू नका, रिटर्नेबल गेटपासवर, म्हणजे परत येण्याच्या बोलीवर, बाहेर गेलेल्या आणि परत न आलेल्या मालाची वेगळी यादी, पेंडिंग चलनं, आणि जो चार्ज घेणार त्याची प्रत्येक पानावर सही. एक कॉपी तुमच्या घरी. मला विचाराल तर रिलीव्हिंग लेटरपेक्षा ही सहीची पानं जास्त महत्त्वाची.

पत्रात काय लिहायचं तर जेवढं कमी तेवढं चांगलं. "मी माझ्या स्टोअर इनचार्ज या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रातल्या ६० दिवसांच्या नोटीसनुसार माझा शेवटचा कामाचा दिवस १० जुलै राहील. या काळात चार्ज व्यवस्थित हँडओव्हर करून देईन. कृपया पत्र मिळाल्याची पोच द्यावी." बस. हमालांसमोर काय झालं ते लिहू नका, नाशिकचं नाव लिहू नका, कारण विचारलं तर घरगुती सांगा. आधी मालकाला केबिनमध्ये जाऊन तोंडी सांगा, दुसऱ्या कोणाकडून त्याला कळायला नको, आणि तिथून बाहेर आल्यावर लगेच मेल, सीसीमध्ये तुमचा पर्सनल मेल आयडी. व्हॉट्सअ‍ॅपवर राजीनामा देऊ नका, मग पोचच दिली नाही म्हणतात. सॅलरी स्लिपा आणि आधीच्या वर्षांचे 'फॉर्म १६' हे मे महिन्याच्या आधीच डाउनलोड करून ठेवा, राजीनामा दिल्यावर लॉगिन कधी बंद होईल सांगता येत नाही. आणि समजा मालक मवाळ झाला, म्हणाला की थांब पाच हजार वाढवतो, तर लेखी आणि बेसिकमध्ये वाढवून मागा. तोंडी वाढीवर थांबू नका.

पीएफ मात्र काढायचा नाही. अजिबात नाही. पाच वर्षांच्या आत काढला की तो करपात्र होतो, ५० हजाराच्या वर असेल तर पॅन असूनही १० टक्के टीडीएस कापतात, मग रिटर्न भरून तो मागत बसा. त्यापेक्षा त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) नवीन कंपनीत ट्रान्सफर करा, सर्व्हिस जोडून धरतात. कंपनीच्या वाट्यातले महिन्याला १,२५० रुपये तुमच्या पेन्शनमध्ये जातायत आणि दहा वर्षं भरली की ५८ नंतर पेन्शनचा हक्क लागतो, काढून घेतलं की ती वर्षं परत शून्यापासून मोजायची. व्याजही बघा, २०२४-२५ साठी ८.२५ टक्के दिलंय, तुमची एफडी एवढं देते का? आणि कंपनीने तुमची एक्झिट डेट टाकायला टाळाटाळ केली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्ही स्वतः टाकू शकता, त्यासाठी कोणाचे पाय धरायची गरज नाही.

नाशिकच्या जागेचं डिपॉझिट एफडीतून भरा, पण सगळी मोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात राजीनामा दिलेल्याची मजुरी दोन वर्किंग डेमध्ये द्यायची असं आहे, ग्रॅच्युइटीला ३० दिवस. कायदा कायद्याच्या जागी, तुम्ही मात्र हिशोबाला ४५ दिवस धरून चाला. इकडचा शेवटचा पगार अडकलेला आणि तिकडचा पहिला पगार पुढच्या महिन्यात, या मधल्या काळात दोन हप्ते येऊ शकतात, २८,४०० रुपये खात्यात पडलेले पाहिजेत. एक हप्ता बाउन्स झाला तरी सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जाच्या रेकॉर्डवर, दिसू शकतो. टॅक्सची काळजी करू नका, तुमचं उत्पन्न १२ लाख ७५ हजाराच्या खूप आत आहे, नवीन रिजीममध्ये काही लागत नाही.

वडिलांचं मेडिक्लेम हे मला या सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. तुमच्या शेवटच्या दिवशी ते कव्हर संपतं, त्याच रात्री. नाशिकवाल्यांच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील आहेत का, ते जॉइनिंगच्या दिवसापासून की तीन महिन्यांनी, हे ऑफर स्वीकारायच्या आधी लेखी विचारा, बहुतेक जण पगार विचारतात आणि हे विसरतात. नसतील तर आत्ताच्याच इन्शुरन्स कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागता येतं, म्हणजे झालेला वेटिंग पीरियड, जुन्या आजाराच्या क्लेमसाठी थांबायचा काळ, वाया जात नाही. मेडिकल चेकअप मागतील, प्रीमियम बराच जास्त असेल, पण नोकरीत असतानाच अर्ज करायचा, सुटल्यावर नाही. नवीन पॉलिसी काढली तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात आणि शुगर हा जुनाच आजार धरणार. एक बरं आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही.

तर या आठवड्यात दोनच कामं करा. नाशिकला मेल टाका, त्यात पगार, जॉइनिंगची तारीख आणि आईवडिलांचं कव्हर तिन्ही विचारा, आणि कपाटातलं अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीसचा क्लॉज मोबाईलवर फोटो काढून मला पाठवा, ४४ हजार की ८२ हजार ते त्यावरून कळेल. वहिनींना पण आकडे दाखवा, पत्रात त्यांचं मत कुठे आलेलं नाही.