वाचकांचे प्रश्न : मी नक्की कुणासारखी लिहिते?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी भौतिकशास्त्र शिकते आणि विज्ञानकथा लिहिते. मैत्रिणींबरोबर ‘तुम्ही कोणत्या विज्ञानकथाकारासारखे?’ अशी एक प्रश्नावली सोडवली. आवडता ग्रह कोणता, यंत्रावर विश्वास ठेवाल का, एकटं राहायला आवडतं का, असे प्रश्न होते. माझं उत्तर आलं आयझॅक आसिमॉव्ह. मला तर अर्सुला ले ग्विन आवडते! तेव्हापासून माझ्याच कथा मला परक्या वाटायला लागल्यात. असं साम्य खरंच असतं का? असलं तर ते शोधायचं कसं?

उत्तर : असतं. मात्र आवडत्या ग्रहावरून ते कळत नाही. एखादी कल्पना समोर आल्यावर लेखकाला पहिला प्रश्न कोणता पडतो, ते बघावं लागतं.

तुला एक कल्पना देते. आठवणीतला हवा तो एक दिवस कायमचा पुसून टाकणारं यंत्र निघालं आहे. पुढचं वाचण्याआधी मनात आलेला पहिला प्रश्न वहीत लिहून ठेव. खाडाखोड करू नकोस.

आसिमॉव्हने विचारलं असतं, हे यंत्र वापरायचे नियम काय आणि दोन नियम एकमेकांच्या आड आले तर काय होईल? १९४२ सालच्या ‘रनअराउंड’ कथेत त्याने हेच केलं. बुध ग्रहावर एका यंत्रमानवाला सेलेनियम आणायला पाठवलंय; ते मिळालं नाही तर तिथल्या माणसांना उन्हापासून वाचवणारी यंत्रणा बंद पडेल. माणसाची आज्ञा पाळायची, हा एक नियम. स्वतःला जपायचं, हा दुसरा. आणि हे यंत्र महागडं म्हणून तो मुद्दाम जरा कडक केलेला. आज्ञा दिली होती सहज बोलता बोलता, आणि सेलेनियमजवळ तर धोका आहे. दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात, तिथे तो बिचारा साठ्याभोवती गोल गोल फिरत राहतो. कथेत खलनायक नाही, यंत्रात बिघाड नाही. प्रत्येक नियम अगदी चोख पाळला जातोय आणि माणसं मात्र मरणाच्या दारात उभी आहेत. आसिमॉव्हला ‘कोरडा’ म्हणणाऱ्यांनी ही कथा पुन्हा वाचावी असं मला मनापासून वाटतं. त्याच्यासारखं निघणं ही काही कमीपणाची गोष्ट नाही गं.

ले ग्विनने यंत्राकडे फारसं पाहिलंही नसतं. दुःखाचा दिवस पुसता येतो त्या समाजात शोक कसा पाळतात? तिथे माफी मागण्याला काय अर्थ उरतो? न पुसणाऱ्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने बघतात? हे तिचे प्रश्न. तिचे वडील ॲल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा उरलेला माणूस, इशी, याच्याबरोबर त्यांनी काम केलं आणि आई थिओडोराने पुढे त्याचं चरित्र लिहिलं. आपल्यापेक्षा निराळ्या रीतीने जगणाऱ्या माणसांबद्दलचं कुतूहल तिच्या घरातच होतं. म्हणून १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ मध्ये ती गेथेन ग्रहावरची माणसं कायमची स्त्री किंवा पुरुष नाहीत एवढं सांगून थांबत नाही. तिथली राजनीती, तिथला मानापमान, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याचं त्यांना समजून घेताना पुन्हा पुन्हा अडखळणं, हे सगळं ती सावकाश उलगडते.

‘तो दिवस गेल्यावर जो उरला तो मीच कशावरून?’ असं तुझ्या वहीत असेल तर तू फिलिप के. डिकच्या वाटेवर आहेस. त्याची जुळी बहीण जेन सहा आठवड्यांची असताना गेली. तिच्या थडग्यावरच त्याचंही नाव कोरून ठेवलं होतं, आणि १९८२ मध्ये त्याला तिच्या शेजारीच पुरलं. त्याच्या कथांमध्ये नकली माणसं, नकली आठवणी, खरं-खोटं ओळखू न येणारी जगं इतकी का, याचं सगळं उत्तर त्या थडग्यात आहे असं मी म्हणणार नाही. पण तो वाचताना ते मनातून जातही नाही.

आणि ‘कुणाचा दिवस पुसायचा हे ठरवणार कोण?’ हा प्रश्न ऑक्टेव्हिया बटलरचा. तिची आई दुसऱ्यांच्या घरी काम करायची. बटलर स्वतः पडेल ते काम करायची आणि कामावर जाण्याआधी, पहाटे दोनला उठून लिहायची. सत्ता कुणाच्या हातात आणि किंमत कोण मोजतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. स्टानिस्लॉ लेमला शंका आली असती की हे यंत्र काय करतंय ते माणसाला मुळात कळलंय तरी का. आर्थर क्लार्कची नजर लगेच हजार वर्षं पुढे गेली असती.

आता तुझा खरा सल : आवडते ले ग्विन आणि निघाला आसिमॉव्ह. आवड आणि साम्य या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे वाचक कथा पाठवतात. त्यात एक क्लार्कचा निस्सीम भक्त होता. दोन-तीन पानं नुसती यानाची लांबी-रुंदी. मग मध्येच त्या यानावर साफसफाई करणारी एक बाई येते. सगळे झोपेच्या पेट्यांत असताना तिला जागंच ठेवलेलं असतं, कारण तिच्यासाठी पेटी बनवलेलीच नसते. ते पान वाचताना मी ताठ बसले. हा मुलगा बटलरच्या जातकुळीतला होता आणि त्याने बटलर वाचलेली नव्हती! तू तुझ्या जुन्या कथा काढ. जे पान न अडता, भराभर उतरलं असेल, तिथे काय चाललंय ते बघ. साम्य तिथे सापडेल.

एवढं सांगून एक इशाराही देते. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने येणाऱ्या कथांनी एक काळ गाजवला. हा लेखक म्हणजे बाई असावी, अशी कुजबुज होती. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग हा मोठा जाणकार लेखक. १९७५ मध्ये टिपट्रीच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना त्याने ती शंका उडवून लावली; या लेखनात पुरुषीपणा ठासून भरलाय, असं त्याचं मत. थोड्याच काळात उघड झालं की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन, साठी ओलांडलेली बाई, जिने सैन्यात काम केलं होतं आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव बाजूला काढून कथा वाचली जावी, ही इच्छा मला फार मोलाची वाटते. तुझ्या कथेवरही आसिमॉव्हचं किंवा ले ग्विनचं नाव आधीच चिकटवू नकोस.

प्रश्न : मी विज्ञान शिकलेलो नाही, हिशेबाच्या कामात आहे. माझं साम्य कुठल्या विज्ञानकथाकाराशी असू शकेल का?

उत्तर : का नसावं? रे ब्रॅडबरी कॉलेजात गेलाच नाही, तो ग्रंथालयात शिकला. ‘फॅरनहाइट ४५१’ चा मूळ मसुदा त्याने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयाच्या तळघरात बसून लिहिला, दर अर्ध्या तासाला नाणं टाकून चालणाऱ्या भाड्याच्या टाइपरायटरवर. ले ग्विनने फ्रेंच आणि इटालियन साहित्याचा अभ्यास केला होता. हिशेब बघणाऱ्याला आकडा कुठे लपवलाय ते दिसतं. परग्रहावरच्या वसाहतीत प्राणवायूचा हिशेब कोण ठेवतो, इथून सुरुवात करून बघा.

प्रश्न : आपला मजकूर टाकला की ‘तुम्ही अमुक लेखकासारखे लिहिता’ असं सांगणारे प्रोग्राम असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : त्यामागे खरं शास्त्र आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरॅलिस्ट’ निबंधांपैकी बारांचा लेखक कोण, हॅमिल्टन की मॅडिसन, असा जुना वाद होता. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये अगदी किरकोळ, जोडकामाचे शब्द मोजून कौल मॅडिसनच्या बाजूने दिला. असे शब्द लेखकाच्या हातून नकळत पडतात, म्हणून ते उपयोगी. पण तिथे दोघांचं भरपूर लेखन हाताशी होतं, आणि तेही एकाच भाषेत, एकाच विषयावर. तुमचा मराठी मजकूर आसिमॉव्हच्या इंग्रजीशी असा ताडून बघता येत नाही. मराठी अनुवादाशी ताडला तर मोजले जातील ते अनुवादकाचे शब्द. शब्द मोजायचेच असतील तर तुमच्याच दहा वर्षांपूर्वीच्या आणि आत्ताच्या कथांतले मोजा.