नेव्हीतून निवृत्त होऊन हायस्कूलमध्ये शिकवायला जाताना

ताई, तुमचे मिस्टर एकवीस वर्षांनंतर अमेरिकन नेव्हीतून चीफ म्हणून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खालच्या, खलाशांतल्या वरिष्ठ हुद्द्यावरून, निवृत्त होताहेत आणि हायस्कूलमधल्या एनजेआरओटीसीत, म्हणजे नेव्हीच्या शालेय कॅडेट कार्यक्रमात, इन्स्ट्रक्टर व्हायचं त्यांच्या मनात आहे. तुम्हाला तीन शंका आहेत. पैशांचं गणित बसेल का, आयुष्यात कधी वर्गात उभं न राहिलेल्या माणसाला शिकवणं जमेल का, आणि हे मुलांना फौजेकडे ओढण्याचंच काम तर नाही ना. मी बावीस वर्षं नेव्हीत काढून २०१६ मध्ये सिनियर चीफ म्हणून, म्हणजे चीफच्या एक पायरी वर, बाहेर पडलो आणि त्याच ऑगस्टपासून व्हर्जिनियातल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये हेच काम करतोय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्याकडच्या एनसीसीचं चित्र डोक्यातून काढा. मी रत्नागिरीला शाळेत असताना नेव्हल एनसीसीत होतो. तिथे आपले रोजचेच सर कामठीला प्रशिक्षण घेऊन एनसीसी ऑफिसर होतात, आणि कवायत शिकवायला नौदलात नोकरीवर असलेले लोक युनिटमधून येऊन जातात. म्हणजे शिक्षक आधी आणि वर्दी नंतर. इथे नेमकं उलट. आयुष्य बोटीवर काढलेला माणूस कायमचा शाळेत येतो, शाळेचा नोकर होतो, रोज हजेरी घेतो, पेपर तपासतो, पालकसभेला बसतो. लष्कराचा असा कार्यक्रम १९१६ च्या कायद्यापासून आहे, नेव्हीचा आला १९६४ च्या कायद्यानंतर. प्रत्येक युनिटमध्ये सहसा दोघं असतात: निवृत्त अधिकारी हा सिनियर नेव्हल सायन्स इन्स्ट्रक्टर, आणि आमच्यासारखा चीफ हा नेव्हल सायन्स इन्स्ट्रक्टर. नेव्हीबरोबर मरीन कोअर आणि कोस्ट गार्डमधून निवृत्त झालेलेही चालतात. वर्दी रोज चढवायची असते, वजनाचे नियमही सुटत नाहीत, पण पगाराचा चेक शाळेचा. आणि साहेब दोन: एक प्रिन्सिपल आणि दुसरा नेव्हीचा एरिया मॅनेजर. दोघांना एकाच आठवड्यात वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात, हे मिस्टरांना आधीच सांगून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर कित्येक वर्षं हिशोब असा होता: नोकरीत असते तर मूळ पगार, घरभाडं आणि जेवणभत्ता मिळून जे हातात आलं असतं, त्यातून पेन्शन वजा करायची आणि उरलेली रक्कम शाळेने किमान द्यायची. समजा तो आकडा महिना सात हजार डॉलर आणि पेन्शन अठ्ठावीसशे, तर शाळेकडून बेचाळीसशे, आणि त्यातले निम्मे नेव्ही शाळेला परत करायची. थोडक्यात, घरात येणारे पैसे नोकरीत असल्यासारखेच असायचे. आता नवीन वेतनश्रेणी आली आहे, ती पेन्शनशी जोडलेली नाही. तेव्हा तुमच्या गावातल्या शाळेचा आकडा थेट स्कूल डिस्ट्रिक्टच्या (तिथल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) एचआरकडून लेखी मागवा, आणि करार दहा महिन्यांचा, अकराचा की बाराचा हेही विचारा, कारण खरा फरक तिथे पडतो. निवृत्तांचं ट्रायकेअर, म्हणजे फौजेचा आरोग्यविमा, तुमच्याकडे असणारच, त्यामुळे शाळेचा महागडा आरोग्यविमा घ्यायची घाई करू नका. जीआय बिलाचे, म्हणजे फौजेतल्या नोकरीबद्दल सरकार शिक्षणाचा खर्च देतं त्याचे, सगळे महिने मुलांच्या नावावर केले असतील तर त्यातले थोडे परत स्वतःकडे घेण्याचा विचार करा. मिस्टरांची डिग्री पूर्ण नसेल तर ती करायला उपयोगी पडतील. डिग्रीशिवाय शाळांमध्ये पुढे अडतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

पण ताई, मला खरं बोलायचंय ते तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल.

चीफला वाटतं की शिकवणं हे आपलं जुनंच काम. वीस वर्षांची नवी पोरं बोटीवर येतात, त्यांना आपणच तर घडवतो. हे खरं आहे आणि तरी पुरेसं नाही. बोटीवरचा पोरगा करार करून आलेला असतो. त्याला बूट कॅम्पमध्ये कुणीतरी आधीच घासून पुसून दिलेलं असतं, आणि ऐकलं नाही तर काय होतं हे त्याला माहीत असतं. शाळेतली चौदा वर्षांची मुलगी समोर बसलेली असते कारण समुपदेशकाला तिच्या वेळापत्रकात एक तास भरायचा होता. तिच्यावर तुमच्या हुद्द्याचा काडीइतका अधिकार नाही. तिला तुमच्या कॉलरवरचा नांगरही ओळखता येत नाही.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. नववीतल्या एका मुलीने हात वर करून बाथरूमला जाऊ का विचारलं. मी फळ्यावर लिहीत होतो, मागे न वळता सवयीने म्हणालो, ‘हेड इज आफ्ट.’ बोटीवर हेड म्हणजे संडास आणि आफ्ट म्हणजे मागच्या बाजूला. तिला काहीच कळलं नाही. माझा आवाज ऐकून तिला वाटलं की नाही म्हणाले. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही, आणि ती तास संपेपर्यंत तशीच बसून राहिली. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. आई रागावली नव्हती, उलट ती मलाच घाबरत घाबरत विचारत होती की तुमच्या वर्गात मधे उठायची बंदी आहे का. त्या रात्री मला झोप लागली नाही. बोटीवर माझा आवाज मोठा असण्याला कारण होतं: वारा असतो, इंजिन असतं, दोर सुटला तर माणसाचा पाय जातो. वर्गात वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्या मुलीची माफी मागितली, तो शब्द फळ्यावर लिहून समजावला, आणि तेव्हापासून दर वर्षी पहिला पूर्ण महिना मी प्रत्येक नव्या शब्दाला थांबतो. मस्टर म्हणजे हजेरी का, कव्हर म्हणजे टोपी का, बक्कल, शर्टाची पट्टी आणि पँटची चेन एका रेषेत हवी त्या रेषेला गिग लाइन का म्हणतात. मुलांना हे शब्द फार आवडतात. फक्त ते घाबरवायला वापरायचे नसतात.

दुसरी गोष्ट आनंदाची आहे. नेव्हीत मी क्वार्टरमास्टर होतो. लष्करात क्वार्टरमास्टर म्हणजे कोठारवाला, नेव्हीत मात्र नकाशावर बोटीचा मार्ग आखणारा. आमच्याकडे एक सूत्र आहे, त्याला ‘सिक्स्टी डी स्ट्रीट’ म्हणतात: साठ गुणिले अंतर बरोबर वेग गुणिले वेळ. अंतर सागरी मैलांत, वेग नॉट्समध्ये (म्हणजे तासाला किती सागरी मैल), वेळ मिनिटांत. बोट पंधरा नॉट्सने चाळीस मिनिटं गेली तर किती पुढे आली? दहा मैल. मी एकदा नकाशे टेबलांवर पसरले, प्रत्येक गटाला डिव्हायडर आणि समांतर पट्ट्या दिल्या आणि व्हर्जिनियातल्या नॉरफोक बंदराच्या धक्क्यावरून बाहेर समुद्रात पडायला लावलं. बीजगणितात दोनदा नापास झालेला एक मुलगा होता, घरी स्पॅनिश बोलणारा, वर्गात सहसा तोंड न उघडणारा. तो एका क्षणी उठून म्हणाला, ‘चीफ, अंतर आणि वेळ माहीत असेल तर मग वेगच एक्स आहे ना?’ मी म्हटलं, हो, वेगच एक्स आहे. त्याने पुढचा तासभर नकाशावरून मान वर केली नाही. त्या वर्षी तो गणितात पास झाला. त्याची गणिताची बाई नंतर माझ्याकडून एक जुना नकाशा मागून घेऊन गेली, तो अजून तिच्या वर्गात लावलेला आहे.

तेव्हा तुमच्या मिस्टरांचं रेटिंग, म्हणजे नेव्हीतलं कामाचं क्षेत्र, काय आहे ते मला कळवा. इंजिनवाले असोत, इलेक्ट्रॉनिक्सवाले असोत की स्वयंपाकघर सांभाळणारे, प्रत्येकाच्या कामात शाळेच्या मुलांना देण्यासारखं काहीतरी असतंच. आमच्याकडे मुलं सीपर्च नावाचं पाण्याखाली चालणारं छोटं यंत्र बनवतात, पीव्हीसी पाइप आणि तीन मोटरी वापरून. मोटरींत पाणी जाऊ नये म्हणून कमोडखाली बसवतात त्या मेणात त्या बुजवतात. एखाद्या मशिनिस्ट्स मेटला, म्हणजे बोटीवरच्या इंजिनवाल्याला, त्यावेळी बघा. तो सीलबद्दल बोलायला लागला की मुलं खुर्च्या ओढून जवळ येतात.

आणि एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी हे काम सोडलेलं नाही. इतर शिक्षकांकडे मूल वर्षभर असतं. आमच्याकडे नववीत आलेलं मूल टिकलं तर बारावीपर्यंत आमच्याकडेच असतं. चार वर्षं. बोटीवरसुद्धा एखादा खलाशी सलग चार वर्षं माझ्या हाताखाली क्वचितच राहिला. नववीत ज्याला स्वतःचा टाय बांधता येत नव्हता तो बारावीत पंचवीस जणांच्या प्लॅटूनला कवायत देतो, आणि नव्या मुलाचा टाय बांधून देतो. हे रोज डोळ्यांसमोर घडतं.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण घरच्यांना हे कुणी सांगत नाही. सहा-सात महिन्यांच्या सफरी संपल्या म्हणजे शनिवार घरी, असं धरून चालू नका. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्याला झेंडा घेऊन कलर गार्ड, शनिवारी कवायतीच्या, एअर रायफलच्या किंवा ओरिएंटीअरिंगच्या (नकाशा आणि होकायंत्र घेऊन वाट शोधण्याच्या) स्पर्धा, बस पहाटे पाचला. उन्हाळ्यात एक आठवडा लीडरशिप अकॅडमी. गणवेशांचं कोठारही बहुतेक चीफच्याच गळ्यात पडतं. शेकडो शर्ट, बूट, पट्टे, सगळ्याची नोंद आणि वार्षिक तपासणी. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी कितीतरी पँट्स मोजायला मदत केली आहे.

आता फौजेकडे ओढण्याबद्दल. आपल्या मराठी मंडळात मला हे दर वर्षी विचारतात, आणि विचारणं योग्यच आहे. या कार्यक्रमात आल्याने कुठल्याही मुलावर सैन्यात जाण्याचं बंधन येत नाही, आणि भरती करणं हे इन्स्ट्रक्टरचं काम नाही. तीन वर्षं पूर्ण करून कुणी स्वतःहून नेव्हीत गेलाच तर त्याला सुरुवातीलाच ई-३ चा, म्हणजे खालून तिसऱ्या पायरीचा, हुद्दा मिळतो. हा फायदा खरा आहे आणि तो मी लपवत नाही. पण माझी बरीचशी मुलं कम्युनिटी कॉलेजला, नर्सिंगला, गोदीत वेल्डिंगला गेली. दुसरी बाजूही सांगतो: युनिट चालू राहायला शाळेतली दहा टक्के किंवा शंभर मुलं, यांपैकी कमी असेल तेवढी संख्या लागते. त्यामुळे काही शाळांनी मुलांना न विचारता या वर्गात घातलं. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते उघड केलं. मिस्टरांना अशा शाळेत नोकरी मिळत असेल तर नको म्हणायला सांगा. जबरदस्तीने बसवलेलं मूल त्या वर्दीचा तिरस्कार करायला शिकतं, आणि त्याची चूक नसते.

त्याच वर्तमानपत्राने त्याच वर्षी आणखी एक गोष्ट छापली: आधीच्या पाच वर्षांत किमान तेहतीस इन्स्ट्रक्टरांवर विद्यार्थ्यांशी लैंगिक गैरवर्तनाचे गुन्हे दाखल झाले होते. मलाही मुलगी आहे. वर्दीवर पालक डोळे मिटून विश्वास टाकतात, म्हणूनच मी नियम स्वतःवर लादून घेतले, कुणी सांगायची वाट पाहिली नाही. एकट्या मुलाबरोबर दार बंद नाही. गाडीत एकट्या कॅडेटला बसवायचं नाही, पाऊस असला तरी. स्वतःच्या फोनवरून मेसेज नाही, फक्त शाळेच्या ॲपवरून, आणि त्यात पालक असणारच. मुक्कामाच्या सहलीला मुली असतील तर सोबत बाई हवीच, मिळत नसेल तर सहल रद्द. दोनदा रद्द केली आहे, मुलं रडली, तरी केली. हे नियम वाचून तुमच्या मिस्टरांना अपमान वाटत असेल तर त्यांनी हे काम घेऊ नये, असं मी स्पष्टच म्हणेन.

अर्जाचं सोपं आहे. कार्यक्रमाचं कार्यालय फ्लोरिडात पेन्साकोलाला आहे. तिथे अर्ज, मुलाखत आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन आधी नेव्हीचं प्रमाणपत्र मिळतं, आणि मग रिकाम्या जागा पाहून शाळांकडे स्वतः अर्ज करायचे. शिक्षकाचं लायसन्स लागतं का, ते राज्यानुसार बदलतं. निवृत्तीच्या आधीची रजा शिल्लक असेल तर त्यांना एखाद्या जवळच्या युनिटमध्ये दोन दिवस नुसतं बसायला पाठवा, वर्दीशिवाय. वर्ग बघू देत, पण जेवणाच्या सुट्टीत मात्र तिथून हलू नका म्हणावं. बऱ्याच शाळांत त्या अर्ध्या तासात कॅफेटेरियात जागा नसलेली, जेवायला कुणी सोबत नसलेली मुलं डबा घेऊन नेव्हल सायन्सच्या खोलीत येतात. कुणी बूट घासत बसतं, कुणी काहीच करत नाही. त्या खोलीत कसं वाटलं ते त्याच संध्याकाळी मिस्टरांना विचारा, आणि मला कळवा. मग कुठल्या शाळेला अर्ज करायचा ते आपण बघू.