दालीन इतक्या लवकर कसा रुळला?

प्रश्न : स्वीडनचा आइस हॉकी बचावपटू रास्मुस दालीन 18व्या वर्षीच एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, खेळू लागला. तिथला रिंक (बर्फाचं मैदान) अरुंद असतो, त्याचा त्रास होत नाही का?

उत्तर : होतो, आणि बचावपटूलाच जास्त. स्वीडनमध्ये रिंक साधारण 30 मीटर रुंद, एनएचएलमध्ये 26. कोपऱ्यातला पक (चेंडूऐवजी वापरतात ती चपटी चकती) घ्यायला पाठ फिरवली, की प्रतिस्पर्धी अंगावर आलाच! म्हणून पकला स्टिक लागण्याआधीच खांद्यावरून मागे बघून पास ठरवायचा. दालीन 16व्या वर्षीच स्वीडनच्या फ्रोलुंडा क्लबकडून मोठ्यांच्या लीगमध्ये उतरला होता. धिप्पाड खेळाडूंची सवय तिथलीच. 2018 मध्ये एनएचएलच्या बफेलो सेबर्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) त्याला सर्वांत आधी निवडलं. पहिल्या मोसमात 82 सामने, 9 गोल, 35 असिस्ट (गोलसाठी दिलेले पास). कोवळ्या बचावपटूसाठी ही कमाई फार मोठी.