फिरतीची नोकरी, घरची घडी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कामासाठी घराबाहेर मुक्काम करावा लागणाऱ्या विदर्भातल्या आयांची (आणि एका आजीची) पत्रं या वेळी निवडली आहेत. नावं गाळून फक्त तालुके ठेवले आहेत.

प्रश्न : ‘उमेद’ या बचतगटांच्या सरकारी अभियानात वर्धिनी आहे, म्हणजे गावोगावी जाऊन बायांचे गट बांधते. फेरी लागली की पंधरा दिवस दुसऱ्या जिल्ह्यात मुक्काम असतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. घरी सासूबाई आणि मालक. मुलगा पाय सोडत नाही म्हणून तो झोपेत असतानाच मी निघते. परत आले की दोन दिवस तो माझ्याकडे बघतही नाही आणि नंतर क्षणभर सोडत नाही. — समुद्रपूर

ताई, आधी झोपेत असताना निघणं बंद करा. चार वर्षांचं लेकरू त्यातून एवढंच शिकतं की डोळा लागला की आई जाते. मग ते रात्री दचकून उठतं, झोपायलाच नको म्हणतं आणि तुम्ही घरी असतानाही हात धरून झोपतं. सांगून निघालात तर रडेल, पण ते रडणं बस वळणावरून गेली की थोड्या वेळात ओसरतं. झोपेची धास्ती मात्र आठवडेच्या आठवडे टिकते.

मुलीला तारीख ठरल्याबरोबर सांगा, मुलाला दोन दिवस आधी. त्याला आठवडाभर आधी सांगितलं तर तो आठवडाभर रोज विचारत बसेल. ‘पंधरा दिवस’ हे त्याला कळत नाही, म्हणून एका डबीत चिंचोके द्या. रात्री जेवण झालं की आजीनं त्याच्या हातून एक चिंचोका दुसऱ्या डबीत टाकून घ्यायचा. फेरी एखाद्या दिवसानं लांबते, तेव्हा चिंचोके दोन जास्तच ठेवा. लवकर आलात तर आनंदच आहे. पण डबी रिकामी होऊनही आई आली नाही, तर पुढच्या वेळी त्या डबीवर त्याचा भरवसा राहत नाही.

फोन झोपायच्या वेळी नको. तेव्हा लेकरू थकलेलं असतं, आवाज ऐकून जीव भरून येतो आणि मग सासूबाईंना तासभर कडेवर घेऊन फिरावं लागतं. दिवेलागणीला, जेवणाआधी पाच मिनिटं बोला. ‘जेवलास का, त्रास देत नाहीस ना’ याला तो नुसतं ‘हं’ म्हणेल. ‘गोऱ्ह्याला आज पाणी कोणी दाखवलं?’ विचारा, बोलू लागेल. फोनवर यायचं नसेल तर ओढून आणायला लावू नका. परत आल्यावर तोंड फिरवतो तो राग नाही, या वयात असं होतंच. त्या दिवशी धुण्याचा ढीग तसाच राहू द्या आणि त्याच्या आसपास बसा, तो आपणहून येईल. खेळण्यांची पिशवी भरून आणलीत तर पुढच्या वेळी तो तुमची नव्हे, पिशवीची वाट बघेल.

आता घरचं. ‘जरा लक्ष ठेवा’ असं सांगून निघालात की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. मालकांकडे मदत मागू नका, अख्खं काम सोपवा : सकाळी उठवण्यापासून शाळेच्या ऑटोत बसवण्यापर्यंत त्यांचं, संध्याकाळ सासूबाईंची. निघण्याआधी दोन दिवस घरात राहूनच रंगीत तालीम करा. तुम्ही ओसरीवर बसा आणि कशालाही हात लावू नका. वेणी घालता येत नाही, दुसरा मोजा कुठे ते माहीत नाही, डब्याचं झाकण कोणतं ते कळत नाही, हे सगळं त्या दोन सकाळींत बाहेर येतं. वेणीवर सोपा उपाय म्हणजे रात्रीच घालून ठेवणं किंवा केस खांद्यापर्यंत कापणं. मुलीला विचारून कापा.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी अक्षरं हवीत. त्यावर ऑटोवाल्याचा, शाळेचा, आशाताईंचा आणि दोन शेजाऱ्यांचा नंबर, लसीकरणाचं कार्ड आणि रेशनकार्ड कुठे आहे, रोख पैसे कोणत्या डब्यात आहेत आणि दोन्ही मुलांचं वजन लिहा. वजन कशाला, ते खाली आजीबाईंच्या उत्तरात आहे.

आणि फेरीची वेळ. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघतं, लगेच कापसाची वेचणी लागते. तेव्हा मालक दिवस उगवायच्या आत वावरात जातात आणि वर लिहिलेली सगळी घडी मोडते. त्या दिवसांतली फेरी टाळता येते का, हे तालुका कक्षाला महिनाभर आधी विचारा. टळत नसेल तर तेवढ्या दिवसांसाठी मावशी-आत्या कोणाला तरी बोलावून घ्या.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं. अमरावतीला तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण आहे. घरी एका दाराचा फ्रीज आहे, पण लाइन जाते. दूध काढून ठेवता येईल का? — दर्यापूर

येईल. पण त्याआधी बाळ आणि सोबत आजी यांना नेता येईल का, ते लेखी विचारा. आतून कडी असलेली एक खोली मिळाली तरी अर्धा प्रश्न सुटतो. आयोजक आपणहून ही सोय करत नाहीत, मागितली तर बरेचदा होते.

नेणं जमत नसेल तर हिशोब असा. या वयाचं बाळ एका वेळेला साधारण ६० ते १२० मिली दूध घेतं आणि वरचं खाणंही सुरू असतं. तीन दिवसांसाठी दीड लिटरच्या आसपास दूध हाताशी हवं. सकाळी बाळाचं पिऊन झालं की रोज १०० मिली जास्तीचं काढलंत तर दोन आठवड्यांत तेवढं जमतं. त्याहून आधी सुरुवात करू नका. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात दूध दोनच आठवडे धरा. सहा महिने टिकतं ते वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये. खालच्या भागात चार दिवस, तेही मागच्या बाजूला. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, दार उघडझाप झालं की ते तापतं. खोलीत चार तास चालतं असं सांगतात, पण ते २५ अंशांच्या खोलीचं गणित आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात कूलर लावूनही खोली तिथवर उतरत नाही, तेव्हा काढल्याबरोबर फ्रीजमध्ये.

हातानं काढायचं असेल तर स्टीलची वाटी पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्या, हात साबणानं धुवा, छातीला कोमट फडकं लावा. अंगठा वर आणि बोटं खाली, बोंडापासून तीन-चार सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं कातडीवरून पुढे ओढली तर कातडी सोलवटते आणि दूधही येत नाही. पहिली एक-दोन मिनिटं थेंब नाही आला म्हणून थांबू नका. बाजू बदलत बदलत वीस ते तीस मिनिटं लागतात.

छोट्या डब्या तीन चतुर्थांशच भरा, गोठताना दूध फुगतं. वर तारीख लिहा आणि जुनं आधी वापरायला सांगा. आदल्या रात्री डबी खालच्या कप्प्यात आणून ठेवायची किंवा कोमट पाण्याच्या गंजात (पातेल्यात) धरायची. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, एका जागी चटका बसेल एवढं तापतं. वितळलेलं २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. कोमट केलेलं किंवा बाळानं उष्टं केलेलं दोन तासांनंतर फेकायचं. वर साय तरंगते ती खराबी नव्हे, डबी हलकेच फिरवली की मिसळते. कधी कधी साबणासारखा वास येतो. तो दुधातल्याच एका पाचक रसामुळे येतो आणि त्यानं अपाय होत नाही. त्या वासामुळे बाळ तोंड फिरवत असेल, तर पुढच्या वेळी कडेला बुडबुडे येईपर्यंत दूध तापवा, लगेच थंड करा आणि मग गोठवा.

लाइन गेली की फ्रीज उघडायचाच नाही. बंद दारात खालचा भाग चारेक तास थंड राहतो. तुम्ही नसताना किती वेळ लाइन नव्हती हे सासूबाईंना कसं कळणार? एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. ते दूध बाळाला द्यायचं नाही.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीची वाटी) बरं, धुवायला सोपं जातं. आठवडाभर आधी आजीकडून पाजायची सवय लावा आणि त्या वेळी तुम्ही घराबाहेर जा. तुमचा आवाज कानावर आला की बाळ चमच्याला तोंड लावणार नाही. दूध कमी पडलंच तर घट्ट वरण-भात, कुस्करलेलं केळं, नाचणीची खीर आहे. वर्षाच्या आत मध मात्र नाही.

अमरावतीत दर तीन-चार तासांनी दूध काढाच. तिथे फ्रीज नसेल तर फेकून द्या, पण काढा. छाती दगडासारखी होऊ दिली तर गाठ येते, ती जागा लाल आणि गरम होते, ताप भरतो. मग प्रशिक्षण बाजूला राहून दवाखाना गाठावा लागतो. गोठवलेल्या आइस पॅकच्या डब्यात दूध २४ तास राहतं, म्हणजे शेवटच्या दिवसाचं घरी आणता येईल.

एक हक्कही लक्षात ठेवा. प्रसूती लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार रुजू झाल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर लागतं.

प्रश्न : सून दौऱ्यावर असते, नातू माझ्याजवळ. वय अडीच वर्षं. मागल्या खेपेला ताप आणि हगवण एकदमच लागली, औषध किती द्यावं कळेना. — कळंब, जि. यवतमाळ

आजी, तापाच्या पॅरासिटामॉल सिरपमध्ये घोळ होतो तो इथे : एकाच नावाच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात. एकीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. ‘मागच्या वेळी एक झाकण दिलं होतं’ म्हणून नव्या बाटलीतून तेवढंच दिलं, तर दुप्पट जाऊ शकतं. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या लेकराला १५ नं १८० मिलिग्रॅम होतात, म्हणजे १२५ च्या बाटलीतून साधारण ७ मिली आणि २५० च्या बाटलीतून साडेतीन. दोन मात्रांत निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. नातवाचं वजन आणि मात्रा सुनेनं डॉक्टरांना विचारून बाटलीवरच मार्करनं लिहून ठेवावी. घरात एकाच ताकदीची बाटली ठेवा.

हगवणीत ओआरएसचं मोठं पाकीट अख्ख्या एक लिटर पाण्यात टाकायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून दिलं तर मीठ जास्त होऊन उलट धोका वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दर जुलाबानंतर १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस द्यायची, जुलाब थांबले तरीही. आशाताईंकडे दोन्ही मिळतं. दुकानातलं गोड डबाबंद पेय म्हणजे ओआरएस नाही.

डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, पीत नाही, शौचात रक्त, सारखा पेंगतो किंवा झटका आला, तर सुनेच्या फोनची वाट बघू नका. आधी १०८ लावा, सुनेला मग सांगा.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, रोज ३५ किलोमीटर अपडाऊन. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं की तिकडेच अडकते आणि मुलगी घरी एकटी राहते. — आरमोरी

मधल्या रपट्याचं पाणी उतरेल या आशेवर घरी कोणालाच न कळवणं, हीच चूक सगळ्या करतात. अमुक वाजेपर्यंत तुम्ही आला नाहीत तर मुलीनं शाळेतून थेट अमुक घरी जायचं, हे जूनमध्येच ठरवून टाका. वेळ ठरलेली हवी आणि घरही एकच. पूर आला की टॉवर जातो, म्हणून हे फोनवर अवलंबून ठेवू नका. त्या घरी तिचे एक जोडी कपडे आणि बॅटरी ठेवा. शाळेच्या गावातही तुमची रात्रीची सोय आधीच बघून ठेवा. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की गाव तुटतं, हे तुमच्याच जिल्ह्यात दरवर्षी दिसतं.

पाणी ‘घोट्याएवढंच’ आहे म्हणून गाडी घालू नका. सहा इंच वाहतं पाणी माणसाचे पाय उखडतं, फूटभर पाणी लहान मोटार ढकलतं, आणि खालचा डांबर वाहून गेलेला वरून दिसत नाही.

मुलीच्या परीक्षेसाठी किंवा आजारपणासाठी २०१८ च्या शासन निर्णयातली बालसंगोपन रजाही आहे : मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवस. मंजुरी वरिष्ठांच्या हातात असते, म्हणून ऐनवेळी नव्हे, आधीच अर्ज द्या.

प्रश्न : मुलाला आणि सासूबाईंना सोबत घेऊन एसटीनं बालाघाटला जायचंय. तिकिटं कशी पडतील? — गोंदिया

मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व गाड्यांत निम्मं भाडं आहे, आरक्षणाचा आकार मात्र पूर्ण लागतो. पाच वर्षांखालच्या मुलाचं तिकीट नाही, पाच ते बारा हाफ. मुलगी असेल तरी हाफच, त्यावर आणखी अर्धी सूट मिळत नाही. सासूबाई ७५ च्या पुढे असतील तर त्यांचा प्रवास मोफत, वयाचा पुरावा जवळ ठेवा. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच आहेत. मध्य प्रदेशात शिरल्यानंतरच्या टप्प्याचं भाडं पूर्ण द्यावं लागेल, तेवढे सुटे पैसे वेगळे काढून ठेवा.