जुन्या पेटंटात आमचा आकडा नाही, तरी क्लेम ऑब्व्हियस कसा?

तुमच्या सुपरकंडक्टिंग (अतिवाहक) केबलच्या क्लेममध्ये, म्हणजे पेटंट अर्जात ज्यावर हक्क सांगता त्या मजकुरात, केबलमधल्या अतिवाहक टेपवरचा तांब्याचा थर ३० ते ५० मायक्रॉन आहे, जुन्या अमेरिकी पेटंटात १० ते १०० आहे, आणि पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरने क्लेम ऑब्व्हियस (जाणकाराला सहज सुचेल असा, म्हणून पेटंट न मिळणारा) ठरवला. “आमचा आकडा तिथे कुठेच नाही,” हा तुमचा मुद्दा. दुर्दैवाने तो टिकणार नाही.

जुन्या रेंजच्या पोटात तुमची रेंज बसली, की अमेरिकेत क्लेम प्रथमदर्शनी ऑब्व्हियस धरतात आणि तो खोडून काढायची जबाबदारी तुमच्यावर येते. १९५५ च्या ‘इन रे ॲलर’ निकालापासून भूमिका तीच आहे: बाकी सगळं माहीत असताना नेहमीचे प्रयोग करून सोयीचा आकडा काढणं म्हणजे शोध नव्हे. मला हे रास्तच वाटतं. नाहीतर एकाच केबलच्या रेंजचे तुकडे पाडून दहा जण पेटंट घेतील.

जाडीचा परिणाम आधी कुणाला माहीतच नव्हता, असं म्हणायची एक वाट असते (‘इन रे अँटोनी’, १९७७). तांब्याच्या बाबतीत ती बंद आहे. क्वेंच झाला (टेपची अतिवाहकता अचानक गेली) की करंट तांब्यात वळतो, थर जाड असेल तर टेप जळत नाही. पण जाड टेप वळवायला कडक आणि तेवढ्याच जागेत करंट कमी. ही ओढाताण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

उरतं ते अनपेक्षित परिणाम दाखवणं. इथे २००३ चा ‘इन रे पीटरसन’ नीट वाचा. मिश्रधातूत रेनियम १ ते ३ टक्के असा क्लेम होता, जुनी रेंज ० ते ७. सुधारणा दाखवली ती फक्त २ टक्क्यांवर, म्हणून अर्जदार हरले. तुम्हीही ४० मायक्रॉनचा एकच सुंदर नमुना देऊ नका. २०, २५, ३०, ५०, ५५, ६० असं मोजा, बाकी रचना आणि तापमान तेच ठेवून. मी असा अर्ज वाचताना आधी ३० आणि ५० पाशी आलेख खरंच वळतो का, तेच बघतो. उतार सलग असेल तर वकिलाच्या भाषेने काही होणार नाही.

ही मोजमापं नंतर शपथपत्रासोबत देता येतात. पण जाडीचा टेपमधल्या फटीशी किंवा वळणाच्या पिचशी (एका पूर्ण वेढ्याच्या लांबीशी) संबंध सापडला असेल, तर नुसत्या आकड्यांऐवजी तोच क्लेममध्ये आणा. मात्र तो मूळ अर्जात लिहिलेला हवा, मागाहून घुसवता येत नाही.